कोड पोचतो, पण ऐकतंय कोण?

कुठे भूकंप झाला, वादळ आलं, मोबाइलचे टॉवर आडवे झाले की दोन दिवसांत हौशी रेडिओवाल्यांमध्ये एक जुना वाद नव्याने पेटतो. एक गट म्हणतो, बघा, सगळं बंद पडलं की शेवटी टिंब-रेघांचा मोर्स कोडच कामाला येतो. परवाना परीक्षेतून तो काढला हीच मोठी चूक. दुसरा म्हणतो, उपग्रह आणि लॅपटॉपच्या काळात कट्ट-कडकट्ट कसली वाजवत बसता, ही म्हाताऱ्यांची हौस आहे. पहिला टायटॅनिकचं नाव घेतो, दुसरा एफटी-8 या संगणकी पद्धतीचं. तावातावाने बोलणं होतं, दोघंही आपापल्या जागी जिंकतात आणि पुढच्या आपत्तीपर्यंत सगळं शांत. मी स्वतः रोज पहाटे तासभर की, म्हणजे मोर्स वाजवायचं बटण, घेऊन बसणारा आहे, तेव्हा माझं मन कुणीकडे झुकतं हे उघड आहे. तरीही मला वाटतं की हा वाद दोन्हीकडून वाईट लढला जातोय. मोर्स हा आपत्कालीन दळणवळणाचा कणा नव्हे, आणि परीक्षेतली त्याची सक्ती परत आणण्यात काही अर्थ नाही. पण त्याला यादीतून खोडून टाकणं हाही अडाणीपणाच. मोर्सने ज्यांना वाचवलं ते वाचले कारण कुणीतरी कान लावून बसलं होतं, आणि कानावर पडलेलं नीट उतरवून त्याने पुढे पोचवलं. भांडायचंच असेल तर या कान लावण्यावरून भांडू या.

टायटॅनिकपासूनच सुरुवात करू, कारण मोर्सवाल्यांचा तो हुकमी एक्का आहे. 14 एप्रिल 1912च्या रात्री जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड या दोघा ऑपरेटरांनी सीक्यूडी आणि एसओएस या संकटाच्या हाका दिल्या, कार्पेथिया जहाजाने त्या ऐकल्या आणि सुमारे 700 जीव वाचले. खरं आहे. पण त्याच रात्रीची दुसरी गोष्ट सांगायची राहते. कॅलिफोर्नियन हे जहाज कार्पेथियापेक्षा टायटॅनिकच्या कितीतरी जवळ होतं. त्यावरचा एकुलता एक ऑपरेटर सिरिल इव्हान्स याने रात्री अकराच्या सुमारास टायटॅनिकला कळवायचा प्रयत्न केला, की आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. फिलिप्स तेव्हा केप रेसच्या किनारी केंद्राकडे प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग उपसत होता. त्याने इव्हान्सला गप्प बसवलं. इव्हान्सने थोडा वेळ ऐकलं, संच बंद केला आणि तो झोपायला गेला. त्यानंतर काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळलं. तिकडे कार्पेथियाचा हॅरल्ड कॉटमही झोपायच्याच तयारीत होता, फक्त त्याच्या कानावरचा हेडफोन उतरवायचा राहिला होता. रात्र एक, समुद्र एक, कोडही एकच. एका जहाजावर तो पोचला आणि दुसऱ्यावर पोचला नाही. मग वाचवलं कुणी, कोडने की न उतरवलेल्या हेडफोनने?

त्या काळच्या लोकांना याचं उत्तर आपल्यापेक्षा लवकर सापडलं. 1914च्या लंडनच्या सागरी सुरक्षा करारात जहाजांवर चोवीस तास रेडिओचा पहारा ठेवण्याची तरतूद आली. पुढे 500 किलोहर्ट्झ या संकटकाळच्या फ्रिक्वेन्सीभोवती ऐकण्याची एक पूर्ण व्यवस्था उभी राहिली. जुन्या जहाजाच्या रेडिओ खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ कुणी पाहिलं असेल, तर त्याच्या तबकडीवरच्या लाल पाचरी आठवतील. 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांच्या मधली जागा रंगवलेली असे. मिनिटकाटा त्या लाल पट्ट्यात शिरला की ऑपरेटरने कीवरचा हात उचलायचा आणि फक्त ऐकायचं. कितीही महत्त्वाची तार अर्ध्यावर असो, तासातली ही सहा मिनिटं ऐकण्याची. शिवाय जिथे एकच ऑपरेटर असे तिथे तो झोपेत असतानाही हाक कळावी म्हणून स्वयंचलित घंटा होती. चार-चार सेकंदांच्या बारा लांब रेघांचा इशारा असे, त्यातल्या तीन-चार ओळीने नीट आल्या की संच ओळखायचा आणि घंटा वाजायची. ही सगळी व्यवस्था 1 फेब्रुवारी 1999ला संपली, जहाजं उपग्रहाधारित नव्या यंत्रणेवर गेली. फ्रान्सच्या नौदलाने तर 1997 सालीच निरोप घेतला होता: चिरंतन मौनाआधीची ही आमची शेवटची हाक, अशा अर्थाचा संदेश पाठवून. हौशी मंडळी या संदेशाची आठवण काढून हळवी होतात. मीही होतो. पण त्या दिवसांत काय गेलं? कोड आमच्याकडे अजून आहे. गेली ती लाल पाचर.

आज हौशी बँडांवर, म्हणजे हौशींसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांवर, अशी पाचर कुठे आहे? आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेने आपत्कालीन संपर्कासाठी जगभर सुचवलेल्या जागा म्हणजे 14.300, 18.160 आणि 21.360 मेगाहर्ट्झ, आणि या तिन्ही आवाजाच्या, म्हणजे माइकवर बोलण्याच्या, भागात येतात. उद्या कुणी बँडच्या खालच्या टोकाला, जिथे कोड चालतो, कीवर एसओएस दिलाच, तर ऐकू येईलही कदाचित. तिथे शनिवार-रविवारची स्पर्धा चालू नसेल, दुर्मीळ बेटावरच्या स्टेशनसाठी झुंबड उडालेली नसेल, तर कुणीतरी थांबेल. पण थांबण्याची जबाबदारी कुणावरच नाही. ‘आणीबाणीत आम्ही मोर्स वापरू’ असं कुणी छाती ठोकून म्हणालं की मी विचारतो: कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती वाजता, आणि पलीकडे कोण? बहुतेक वेळा यावर टायटॅनिकच परत येतं.

आता विरोधकांचं म्हणणं घेऊ, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. पहिला मुद्दा आकारमानाचा. आपत्तीत काय पाठवायचं असतं? माणसांची नावं, औषधांच्या मागण्या, कोणत्या छावणीत किती लोक, कोणता रस्ता चालू. समजा 500 लोकांची यादी आहे आणि प्रत्येक ओळीत नाव, वय, ठिकाण मिळून सहा शब्द. मिनिटाला 20 शब्दांचा हात चांगला मानला जातो. त्या वेगाने 3000 शब्दांना अडीच तास लागतील, तेही एकदाही ‘पुन्हा सांगा’ न म्हणता. विनलिंकसारख्या रेडिओ ईमेलवर तीच यादी, सिग्नल बरा असेल तर, चहा पिईपर्यंत जाते. 2017 साली मारिया चक्रीवादळानंतर अमेरिकी रेडक्रॉसने पोर्तो रिकोसाठी 50 हौशी ऑपरेटर मागितले आणि त्यातले 22 जण गेले. त्यांच्याकडून अपेक्षित मूळ कामांपैकी एक होतं वाचलेल्या लोकांची माहिती अशा मार्गाने बाहेर पाठवण्याचं. त्यांना कीवर बसवणं म्हणजे बादलीने विहीर उपसायला सांगणं झालं असतं.

दुसरा मुद्दा माणसांचा. मोर्समध्ये बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मधे दोन तज्ज्ञ लागतात. आवाजात मायक्रोफोन सरळ डॉक्टरच्या हातात देता येतो. डिसेंबर 2004मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी ऑपरेटरांची एक तुकडी पोर्ट ब्लेअरमध्ये होती. ते गेले होते अंदमानातून जगभरच्या हौशींशी संपर्क करायला, आणि 26 तारखेला सुनामी आली. त्यानंतर त्यांनी जे काम केलं त्यातला मोठा भाग 20 मीटर बँडवर, आवाजावर झाला. घरच्यांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या लोकांना सरळ आवाज ऐकू आला. या उदाहरणात मोर्सवाल्यांनी स्वतःची फुशारकी घुसवू नये.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. ‘सिग्नल कितीही क्षीण असो, कोड पोचतोच’ ही आमची घोषणा आता खरी राहिलेली नाही. जोसेफ टेलर हे पल्सारवरच्या संशोधनासाठी 1993चं नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ स्वतः हौशी रेडिओवाले आहेत. त्यांनी स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर 2017मध्ये एफटी-8 आणलं. कानाला नुसती खरखर ऐकू येते तिथे ते संगणकाच्या पडद्यावर अक्षरं काढून दाखवतं. मी हेडफोन कानावर दाबून, श्वास रोखून जो सिग्नल शोधत असतो तो शेजारच्या पोराच्या लॅपटॉपला केव्हाच सापडलेला असतो. आणि काही वेळा तर काहीच पोचत नाही. 6 सप्टेंबर 2017ला सूर्यावर एक्स-9.3 दर्जाचा स्फोट झाला. इर्मा चक्रीवादळ तेव्हा कॅरिबियन बेटांवर होतं, आणि वादळाच्या नेटवर, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरच्या सामूहिक संपर्कावर, काम करणाऱ्यांच्या शॉर्टवेव्ह बँडांवर ऐन वेळी शुकशुकाट झाला. शॉर्टवेव्ह सिग्नल परत खाली वळवणारं, आकाशात उंचावरचं आयनांबरच सिग्नल गिळू लागलं की की असो, माइक असो नाहीतर लॅपटॉप, सगळे सारखेच मुके.

(2005च्या त्या टीव्ही कार्यक्रमाचं काय, असं कुणी विचारेल. दोन मोर्स ऑपरेटरांनी मोबाइलवर मेसेज टाइप करणाऱ्या दोन पोरांना हरवलं होतं, आणि आमच्यातले लोक तो व्हिडिओ अजून एकमेकांना पाठवतात. मजा आहे, पण त्यातून सिद्ध काय होतं? त्या काळातल्या फोनच्या बटणांपेक्षा की जलद आहे, एवढंच. कुणाच्या घरावरचं छप्पर उडालं तेव्हाचा हा पुरावा नव्हे.)

एवढं सगळं मान्य करून मग उरतं काय? उरतो तो साखळीचा हिशेब. एफटी-8 चालायला ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ संच हवा, लॅपटॉप हवा, दोघांमधली ती नाजूक केबल हवी, सॉफ्टवेअरची सेटिंग बरोबर हवी, आणि दोन्ही टोकांची घड्याळं साधारण सेकंदा-दोन सेकंदांच्या आत जुळलेली हवीत, कारण सगळा खेळ 15 सेकंदांच्या खिडक्यांचा आहे. जीपीएसवरून घड्याळ जुळवता येतं, कबूल. पण ते जुळवायचं आहे हे ज्याला आठवलं त्यालाच. एवढं करून मोकळा मजकूर एका खिडकीत 13 अक्षरांचा. म्हणून त्याच तंत्रावर गप्पांसाठी जेएस-8 आलं, आणि ते खरोखर उपयोगी आहे. पण साखळी तीच, कड्या तेवढ्याच. विनलिंकची साखळी आणखी लांब. आवाजात कड्या कमी, पण वीज जास्त: 100 वॉटचा नेहमीचा ट्रान्सीव्हर पूर्ण जोरावर असताना 12 व्होल्टवर 20 अँपियरच्या घरात ओढतो. उलट 5 वॉटचा कोडचा संच तळहातावर मावतो, ऐकताना काही मिलिअँपियरांत भागवतो आणि पाठवतानाही अँपियरच्या आसपास राहतो. आवाजाला 2400 हर्ट्झची जागा लागते, कोडला 150 पुरते. म्हणजे ढोबळ हिशेबाने 5 वॉटचा कोड 80 वॉटच्या आवाजाइतका कानात शिरतो. तिसऱ्या रात्री, जनरेटरचं तेल संपल्यावर, हा सोळापटीचा फरक कागदावरचा राहत नाही.

आणि साखळी आणखी तुटली तर? माइकची वायर तुटलेला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचा रेडिओ घ्या. त्याचं बोलण्याचं बटण दाबलं की पलीकडची खरखर थांबते, सोडलं की परत येते. चालू आणि बंद, एवढंच हातात उरलं तरी कोड येणारा माणूस त्यातून आपली जागा सांगू शकतो. 1966 साली व्हिएतनाममध्ये युद्धकैदी असलेल्या जेरेमाया डेंटन यांनी शत्रूच्या कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावून ‘छळ’ हा इंग्रजी शब्द मोर्समध्ये सांगितला होता. रेडिओशी त्याचा संबंध नाही, पण मुद्दा हाच: ज्याला उघडझाप करता येते त्यावर कोड चालतो. याहून खालची पायरी दळणवळणात नाही. जिन्याची सगळ्यात खालची पायरी कुणी रोज वापरत नसेल, म्हणून ती काढून टाकायची का?

या पायरीचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण 1928चं आहे. उम्बेर्तो नोबिले यांचं ‘इटालिया’ हे वायू भरलेलं, तरंगणारं हवाईजहाज उत्तर ध्रुवावरून परतताना 25 मे रोजी बर्फावर कोसळलं. ऑपरेटर ज्युसेप्पे बिआजी याच्या हाती आणीबाणीसाठी ठेवलेला छोटा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर धडधाकट लागला. त्याने दिवसामागून दिवस एसओएस दिला. त्यांच्या मोहिमेचंच आधाराचं जहाज नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गेन बेटाला उभं होतं. ते स्वतःच्या संदेशांमध्ये गुंतलेलं होतं आणि त्याला ही हाक लागली नाही. 3 जूनला ती लागली हजारो किलोमीटरवरच्या वोझ्नेसेन्ये-वोखमा या रशियन खेड्यात, निकोलाय श्मिट नावाच्या हौशी तरुणाला, घरी जुळवलेल्या रिसीव्हरवर. अक्षरंही तुटकतुटक. जागा नक्की कोणती हे त्यावरून कळेना. पण ‘इटालिया’, ‘नोबिले’ आणि एसओएस एवढं त्याने टिपलं आणि मॉस्कोला तार केली. मेलेली धरलेली माणसं जिवंत आहेत हे जगाला कळलं. 12 जुलैला क्रासिन या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने उरलेल्यांना गाठलं. ही गोष्ट मोर्सची की श्मिटची? दोघांचीही. पण जवळच्या जहाजावर जास्त चांगली यंत्रं आणि पगारी ऑपरेटर असताना ऐकलं ते खेड्यातल्या पोराने, हे विसरलं तर गोष्टीतली हवाच निघून जाते.

म्हणूनच सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद मला पटत नाही. 2003 सालच्या जिनिव्हातल्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची अट ज्या त्या देशावर सोडली आणि अमेरिकेने फेब्रुवारी 2007मध्ये ती काढली. तेव्हा भाकीत होतं की दहा वर्षांत कोड मरेल. नोव्हेंबरअखेरच्या जागतिक कोड स्पर्धेत कधी 20 मीटर लावून पाहा. की ठेवायला जागा मिळत नाही. सक्ती गेल्यावर कोड शिकणारे आवडीने शिकताहेत, आणि आवडीने शिकलेला माणूस टिकतो. परीक्षेपुरतं पाच-आठ शब्दांचं घोकून नंतर कीला हात न लावणारे परवानाधारक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कोण आपत्तीत कोड घेणार होतं?

पण स्पर्धेतल्या त्या गर्दीवरूनही भुलायला नको. स्पर्धेत काय पाठवतात? 599 आणि एक ठरलेला आकडा. ‘तुमचा सिग्नल उत्तम, 599’ असं सांगून लगेच तीनदा ‘पुन्हा सांगा, पुन्हा सांगा’ म्हणतात. घाईत 9च्या जागी एन आणि शून्याच्या जागी टी चालतो. या सवयीचा हात औषधाची मात्रा पाठवायला बसवला तर? संदेश हाताळणं ही वेगळी विद्या आहे आणि ती जुन्या तारमास्तरांकडून आली आहे. रेडिओग्रामच्या, म्हणजे रेडिओवरच्या तारेच्या, डोक्यावर शब्दांची संख्या लिहायची. घेणाऱ्याने शब्द मोजायचे. जुळले नाहीत तर ‘अमुक शब्दानंतरचं सगळं’ किंवा ‘अमुकच्या आधीचा शब्द’ असं नेमकं तेवढंच परत मागायचं. हे आवाजावरही करता येतं. करत कुणी नाही, कारण आवाजात आपल्याला समजल्यासारखं वाटतं.

त्या ‘वाटण्या’ची किंमत मी एका सरावात पाहिली. चार स्टेशनांतून एकच संदेश फिरवायचा होता: इन्सुलिनच्या 16 कुप्या आणि 7 ब्लँकेटं. पहिला टप्पा कोडवर. दूर कुठेतरी वीज चमकत होती, ठोक्याठोक्याने खरखर येत होती. 6 म्हणजे एक डा (रेघ) आणि चार डिट (टिंबं). शेवटचा डिट खरखरीत गेला की उरतं बी हे अक्षर. पलीकडच्याने कागदावर ‘1बी’ लिहिलं, त्याकडे पाहिलं आणि प्रश्नचिन्ह पाठवलं. पुन्हा पाठवल्यावर 16 आलं. कोडची चूक बहुतेक वेळा अशी वेडीवाकडी दिसते, डोळ्यात खुपते. दुसरा टप्पा आवाजावर होता आणि घेणारा होतो मी. ‘सात ब्लँकेटं’ आलं, मी ‘साठ’ लिहिलं. खटकायचं काय त्यात? आपत्तीत साठ ब्लँकेटं अगदी शोभतात. शब्द मोजले तर तेही बरोबर. अर्थपूर्ण चूक कुणालाच चूक वाटत नाही.

(डिजिटलमध्ये हे झालं नसतं, कारण बिघडलेला संदेश तिथे सहसा येतच नाही. हेही लिहून ठेवतो, नाहीतर विरोधक म्हणतील लपवलं.)

माझं मागणं त्यामुळे फार मोठं नाही. आपत्तीसाठी नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक गटाने याद्या डिजिटलवर पाठवाव्यात, समन्वय आवाजावर करावा, आणि दोन-चार हात तरी कोडमध्ये तयार ठेवावेत, संदेश घेण्या-देण्याच्या सरावासकट. कोडची एक फ्रिक्वेन्सी आणि ऐकण्याच्या वेळा आधी लिहून ठेवाव्यात. लाल पाचर पुन्हा रंगवायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्षातला एक सराव लॅपटॉप न उघडता करावा. आणि परीक्षेतल्या अटीवरून चाललेली भांडणं आता थांबवावीत, त्यात दोन्ही बाजूंचे चांगले ऑपरेटर फुकट जातात.

त्या सरावात साठ ब्लँकेटं शेवटच्या स्टेशनवर पोचली तेव्हा तिथे एक नवी मुलगी बसली होती. परवाना मिळून तिला वर्षही झालं नव्हतं आणि कोड येत नव्हता. तिने आकडे एक-एक करून परत मागितले: सहा, शून्य, असंच ना? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, पहिल्या स्टेशनला विचारा. विचारलं. त्यानंतर मी बराच वेळ माइकला हात लावला नाही. आता ती दर रविवारी माझ्याकडे कोड शिकायला बसते. मिनिटाला 12 शब्दांवर आली आहे. बी आणि 6मध्ये अजून घसरते.